‘करिता’ सही करणारीचं खुलं पत्र

ठाणे जिल्ह्यात फळबागांच्या योजना आखणाऱ्या, त्या राबवणाऱ्या आणि छोट्या बागायतदाराची उत्पादन कार्यक्षमता मोजणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तालुक्याच्या गावी आंबा बागायतदारांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. बोलावणं माझ्या सासऱ्यांच्या नावानं आलं. सासरे ७८ वर्षांचे. २०१३ मध्ये त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून ओट्यावरून उठायचं तरी कोणीतरी हात द्यावा लागतो. नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला, त्याची सकाळची पाळी. म्हणून मी गेले. दारात टेबलावर वही होती: नाव, गाव, गट नंबर, सही. मी माझं नाव लिहायला घेतलं तसा टेबलामागचा मुलगा म्हणाला, “ताई, नाव लाभार्थ्याचं लिहा. सही तुम्ही करा, फक्त पुढे ‘करिता’ लिहा.”

लिहिलं. चहा आणि दोन बिस्किटं मिळाली, ती मात्र माझी मलाच मिळाली.

प्रशिक्षणाला नावं ठेवायची नाहीत मला. आंबा देठासकट का काढायचा, देठ मोडला की चीक सालीवर उतरून डाग कसा पडतो, चौदा आणे तयार झालेलं फळ कसं ओळखायचं, हे तिथल्या माणसांनी हातात फळ घेऊन दाखवलं. दुपारी जेवणं झाल्यावर एका साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. छोट्या बागायतदाराची कार्यक्षमता कमी का, तर वाढतं वय, अपुरं शिक्षण, नव्या तंत्राबद्दल अनास्था. साहेब बोलत होते चांगलं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र ती दारातली वही आली. तुमच्या लेखी आमच्या बागेचा शेतकरी ७८ वर्षांचा, चौथी पास. तुमच्या तक्त्यात तो म्हातारा शेतकरी जाणार, त्याच्यासमोर किलोचा आकडा जाणार, आणि मग म्हातारपणामुळे उत्पादन घटतं असं निघणार. त्या म्हाताऱ्यानं बारा वर्षांत बागेत पाऊल टाकलेलं नाही, हे तुमच्या तक्त्याला कोण सांगणार?

बाग मी बघते. माहेर कळव्याचं, शिक्षण बारावी सायन्स, वय ४४. आटगाव स्टेशनावर उतरून रिक्षा, मग थोडं चालायचं, असं आमचं गाव. एक एकर बाग. सासऱ्यांनी १९९६ साली रोजगार हमीच्या फळबाग योजनेतून हापूसची ४० कलमं लावली, दहा मीटरवर एक. राज्यानं ती योजना १९९० मध्ये काढली आणि शंभर टक्के अनुदान दिलं, म्हणून आमच्यासारख्या भात आणि नागली पिकवणाऱ्या घरात हापूस आला. आज त्या चाळिसातली २३ उभी आहेत. सहा तर एकाच दिवशी गेली. शेजारच्या शेतात राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, आग सुटली, वाळल्या गवतावरून बागेत आली. बाकीची वाळवीनं आणि पाण्याविना.

माझा भाचा दापोलीला कृषी पदवी करतो. सुट्टीत आला होता तेव्हा मी त्याला पडद्यावरच्या त्या ‘कार्यक्षमता’ शब्दाबद्दल विचारलं. म्हणाला, “मामी, समजा तुझ्याइतकीच झाडं, तेवढंच शेणखत, तेवढीच मजुरी घालून शिवारातला सगळ्यात हुशार बागायतदार १०० किलो काढतो आणि तू ६० काढतेस, तर तू ६० टक्के. राहिलेले ४० कुठे सांडले ते मग शोधायचं.” फॅरेल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १९५७ मध्ये ही मोजणी मांडली म्हणे. मग वय, शिक्षण, घरात माणसं किती, सल्ला मिळतो का, कर्ज मिळतं का, बाजार किती लांब, असे रकाने भरून कोणत्या रकान्यानं किती फरक पडतो ते काढतात.

हिशेब मला पटला. घरच्या दुधाचा हिशेब आम्ही असाच करतो: पेंड तेवढीच घातली, मग दूध का कमी? पण रकाने भरताना विचारायचं कोणाला? खातेदाराला. आणि खातेदार कोण? सातबाऱ्यावर ज्याचं नाव तो. इथेच मेख आहे. देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत बायकांच्या नावावरची वहिती खाती सुमारे १४ टक्के निघाली. गावाकडे काम करणाऱ्या बायकांपैकी मात्र चारांत तिघी शेतीत आहेत. ही मधली तफावत म्हणजे माझ्यासारख्या ‘करिता’वाल्या. आम्ही धरून रकाने भरले तर कारणं कदाचित वेगळी निघतील. मी माझ्या बागेपुरतं सांगते. माझ्याकडे वही आहे.

वही २०१४ पासूनची. पहिल्या वर्षी २१० किलो. पुढच्या वर्षी ६४०. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा १८०. हापूस एका वर्षाआड धरतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली देवाला नवस बोलले आणि जोडीला खताच्या दुकानात गेले. आमच्या भागात बाईला शेतीचा सल्ला मिळायचं हमखास ठिकाण तेच. सल्ला देणारे साहेब गावात येतात तेव्हा चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत बसतात, सकाळी अकराला, जेव्हा मी रानात असते. दुकान सहा वाजेपर्यंत उघडं असतं आणि तिथे सातबारा मागत नाहीत.

दुकानदारानं कल्टार नावाचं, झाडाची वाढ आवरणारं औषध दिलं. दरवर्षी मोहोर येण्यासाठी ते वापरतात हे खरं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस अशी की झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, दर मीटरला तीन मिली घ्यायचं आणि १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान बुंध्याभोवती भोकं पाडून मुळाशी द्यायचं, तेही धडधाकट, नीट खतावलेल्या झाडांना. मला हे आता पाठ आहे. तेव्हा दुकानदार म्हणाला, झाडाला पन्नास मिली. पाच मीटर विस्ताराच्या झाडाला पंधरा मिली पुरतं. मी पन्नास घातलं. दोन झाडांची पालवी पुढच्या वर्षी मूठभर गुच्छासारखी आखडून आली आणि तशीच राहिली. त्या दोन झाडांवरून रोज जाते मी. दुकानदाराला दोष देऊन काय करू, त्याचा धंदा बाटली विकायचा. बाटलीवरची चिठ्ठी बारीक इंग्रजीत होती आणि ती मला वाचता येत होती. वाचली नाही, हा माझा दोष. पण शेजारच्या बागेतले काका पंधरा मिलीवर थांबले होते, कारण खातेदार म्हणून त्यांना प्रशिक्षणाला बोलावलं गेलं होतं. आमचं बोलावणंही तेव्हा आलं होतं. सासऱ्यांच्या नावानं. ते पाकीट फडताळात सापडलं मला, दोन वर्षांनी.

आता छाटणीचं सांगते. हे जरा लांबेल, पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडला.

१९९६ ची झाडं कधी छाटलीच नव्हती. तीस-तीस फूट उंच, मध्ये गर्द अंधार. फळ धरायचं ते शेंड्याला. पाठीवरच्या पंपाची फवार तिथवर जात नाही, त्यामुळे तुडतुडे ही कीड आणि भुरी हा रोग वरच्या मोहोरावर निवांत. आंबा उतरवायला झाडावर चढणारा गडी हवा. आमचे कातकरी भाऊ चढण्यात पटाईत, पण ते दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, कल्याण-भिवंडीकडे, आणि परत येतात ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे मोहोरापासून उतरणीपर्यंत, आंब्याला माणूस लागतो त्या नेमक्या महिन्यांत, गावात माणूस नाही. तरणी पोरं गोदामात. राहिल्या बायका. बाईनं झाडावर चढायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नाही, पण चढून बघा.

उपाय सोपा होता आणि मला २०१४ लाच कळला होता. पावसाळा सरला की मधली सरळ वाढलेली फांदी काढायची, झाडाच्या पोटात ऊन शिरू द्यायचं, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. दोन-तीन वर्षं उत्पन्न घटतं, मग झाड बुटकं होऊन अंगभर धरतं. मी करवत घेऊन तयार. सासरे म्हणाले, “मी डोळे मिटल्यावर काप.” झाडं त्यांची, लावली त्यांनी, हंडे वाहिले सासूनं. मी काय बोलणार? चार वर्षं थांबले. त्या चार वर्षांत मी खत घातलं, फवारलं, राखण केली, वानरं हाकलली. सगळं काही केलं, एक निर्णय सोडून.

मधल्या काळात एका वळवानं पूर्वेकडच्या एका झाडाचा शेंडा मोडला. दोन वर्षांनी त्याच झाडाला हाताच्या अंतरावर फळं लटकली. मी सासऱ्यांना खुर्चीत बसवून, नवऱ्याला आणि दिराला खुर्ची उचलायला लावून, त्या झाडाखाली नेलं. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, “पूर्वेची आठ काप. पश्चिमेच्यांना हात लावू नको.” २०१८ ला आठ कापली. पुढच्या वर्षी त्यांनी न विचारताच आणखी आठ सांगितली. २०२४ च्या उन्हाळ्यात तीच २३ झाडं, तीच जमीन, तीच बाई, आणि वहीत आकडा १,१५० किलो. खत थोडं वाढलं, मान्य. पण बाकी फरक करवतीचा. ती चालवायला मला कौशल्य कमी नव्हतं, अनास्थाही नव्हती. परवानगी नव्हती. तुमच्या तक्त्यात ‘निर्णय कोण घेतं आणि काम कोण करतं’ असा रकाना आहे का?

वेळेचंही असंच. दहा वर्षांवरच्या झाडाला पन्नास किलो शेणखत आणि रासायनिक खताचा हप्ता पाऊस सुरू झाला की द्यायचा. आमच्याकडे तेव्हा आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. भाताची आवणी थांबत नाही. रोप वयात आलं की आलं, चिखल आज आहे उद्या नाही. मग आंब्याचं खत जुलैच्या शेवटी पडतं, कधी ऑगस्टमध्ये. निम्मं वाहून जातं. ‘शेतकरी शिफारशीनुसार वेळेवर खत देत नाहीत’ असं तुम्ही लिहिता ते खरंच आहे. फक्त त्या आठवड्यात तोच शेतकरी गुडघाभर चिखलात वाकलेला असतो, हेही लिहा. शिफारस आंब्याच्या एकट्या झाडासाठी केलेली आहे. आमच्या घरात आंबा एकटा नसतो. भात असतो, दोन गाई, शाळेतली पोरं, ओट्यावरचे सासरे. सगळ्यांना दोनच हात.

आता पाणी. शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतो, हे इतक्यांनी इतक्यांदा लिहिलंय की मी नव्यानं काय लिहू. मी फक्त हंड्यांचा हिशेब देते. २०२० मध्ये मनरेगातून आम्ही केसरची २० कलमं लावली. जुनी सतरा गेली होती त्या जागी सतरा, बांधाला तीन. पहिल्या वर्षी दर आठवड्याला कलमामागे तीस लिटर पाणी द्यायचं. वीस कलमांना सहाशे लिटर. आमचा हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे चाळीस हंडे, एका खेपेला दोन धरले तर वीस खेपा, दर आठवड्याला, विहीर फेब्रुवारीत तळाला गेल्यावर ओढ्यातल्या खड्ड्यातून. मी आणि माझ्या जावेनं वाहिलं. मग मीच कलमाशेजारी मडकी पुरली, बुडाला भोक पाडून वात घातली, वर गवताचं आच्छादन केलं. पाणी निम्म्यावर आलं. तीन वर्षांनी मोजणी झाली तेव्हा वीसातली सतरा जिवंत होती आणि कागद नीट झाला.

या कागदाची गंमत सांगते. मनरेगाच्या जॉब कार्डावर घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची नावं असतात. माझंही आहे. हजेरीपटावर माझं नाव, मजुरी माझ्या खात्यात. सातबाऱ्यावर सासरे आणि त्यांचे भाऊबंद मिळून अकरा नावं. म्हणजे सरकारदरबारी, माझ्या बागेत, मी मजूर आहे. बागायतदार नाही. मजूर म्हणून माझी नोंद अगदी चोख आहे.

आणखी एक. मोजणी तीन वर्षांनी थांबते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतही अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं येतं, म्हणजे तिथेही तीन वर्षं कलम जगवायचं आणि विषय संपला. केसर फळाला येतो पाचव्या-सहाव्या वर्षी. ज्या वर्षी पहिला मोहोर येतो, पहिली भुरी पडते आणि पहिल्यांदा खरा सल्ला लागतो, त्या वर्षी फाईल बंद झालेली असते. लागवड किती हेक्टर झाली याचे आकडे तुमच्याकडे असतील. १९९६ च्या कलमांपैकी आज किती उभी आहेत आणि झाडामागे किती किलो देतात, हे आमच्या गावात अजून कोणी विचारायला आलेलं नाही. मला वाटतं कार्यक्षमता तिथून मोजायला घ्यावी.

कर्जाबद्दल फार लिहीत नाही. किसान क्रेडिट कार्ड सातबाऱ्यावर मिळतं, सातबाऱ्यावर अकरा नावं, अकरा जणांची संमती म्हणजे अकरा घरची भांडणं. बचत गटातून मी पंप घेतला, तेवढंच. पाठीवर सोळा लिटर घेतलं की खांद्याला पट्टा रुततो. तो पट्टा बनवणाऱ्यानं कधी बाईचा खांदा मापला नसणार.

विम्याचं एवढंच की फळपीक विमा हवामानावर चालतो. अवेळी पाऊस, तापमान, वारा, हे महसूल मंडळातल्या केंद्रावर मोजतात. डोंगराच्या आमच्या अंगाला एप्रिलमध्ये सर कोसळली आणि केंद्रावर कोरडं राहिलं, तर कागदावर पाऊस पडलाच नाही. बागेत मोहोर काळा पडतो, त्याला कागद दाखवता येत नाही.

बाजाराचं मात्र चांगलं सांगायला आहे. सुरुवातीला मी शेजाऱ्यांबरोबर टेम्पोतून वाशीला पेट्या पाठवल्या होत्या. मोठं, मध्यम, बारीक सगळं एकत्र भरलं होतं, भाव बारकाचा आला. चूक माझीच. २०१६ मध्ये फळं-भाज्या नियमनमुक्त झाल्यापासून शेतकऱ्याला बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक आहे आणि अडत खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम आहे, हे कळलं तसं मी वेगळा रस्ता धरला. कळव्याला माझी वहिनी राहते त्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. मे महिन्यात पहाटेच्या कसारा लोकलच्या मालडब्यातून मी दोन खोके नेते, वहिनीनं आधीच नावं घेतलेली असतात. कधी उरलं तर ठाण्याला जांभळी नाक्यावर बसते. गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, “देवगड आहे का?” नाही म्हटलं की पुढे चालतं. चाखलं की परत येतं.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर ठाणे जिल्हाही आहे. म्हणजे माझा आंबा हक्कानं हापूस. पण खोक्यावर तो शिक्का लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीला सातबारा. पुन्हा सासरे, पुन्हा अंगठा, पुन्हा ‘करिता’. आता शेतकरी ओळख क्रमांकही सातबाऱ्यावरूनच निघतो आणि २०२५ पासून योजनांना तो लागतो. म्हणजे यापुढे नुसत्या वहीतून नाही, तर संगणकातूनही मी गायब.

कोणी म्हणेल, मग नाव लावून घ्या की. बायकोचं नाव नवऱ्याच्या सातबाऱ्याला लावायची लक्ष्मी मुक्ती योजना आहे. आहे. पण जमीन नवऱ्याच्या नावावर अजून नाहीच, सासऱ्यांच्या आहे. सासरे असेपर्यंत मी वाटणीचा शब्द काढला तर ज्या घरात राहायचं त्याच घरात राहता येणार नाही. आणि माहेरी? कळव्याला आमच्या वडिलांची खाडीकडेला भातजमीन होती. भावानं बिल्डरला दिली तेव्हा मी हक्कसोड पत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. भावाशी बोलणं राहावं म्हणून केली. आज त्याच्याच बायकोच्या ग्रुपवर माझे आंबे विकले जातात, तेव्हा सौदा वाईट झाला असं म्हणवत नाही. पण जमिनीच्या कागदांवर मी आयुष्यात दोनच तऱ्हेच्या सह्या केल्या: माहेरी हक्क सोडल्याची आणि सासरी दुसऱ्याकरिता.

मला जमीन मागायची नाहीये तुमच्याकडे. ती तुम्ही देऊ शकत नाही. मी मागते ते तुमच्या हातात आहे. प्रशिक्षणाच्या वहीत, पाहणीच्या तक्त्यात, ओळख क्रमांकाच्या अर्जात खातेदाराच्या नावाशेजारी आणखी एक रकाना घाला: बाग प्रत्यक्ष कोण बघतं. तिथे जे नाव येईल त्या नावानं बोलावणं पाठवा, त्याच्या मोबाईलवर भुरीचा आणि तुडतुड्यांचा इशारा पाठवा. खातेदाराची संमती घ्या हवी तर, सासरे अंगठा देतील. त्यांनी आठ झाडं कापायला दिली, रकान्यात नाव का नाही देणार?

प्रशिक्षण तालुक्याला घ्यायचं तर घ्या, पण वर्षातून दोनदा तरी बागेत या. एकदा आवणी उरकल्यावर आणि एकदा मोहोर फुटताना. सकाळी अकराला नको. दुपारी तीननंतर या, तेव्हा बायका मोकळ्या नसतात, पण थांबू शकतात. कागद मराठीत द्या, मोठ्या अक्षरात, आणि कल्टारची मात्रा झाडामागे नको, विस्ताराच्या मीटरमागे लिहा, म्हणजे दुकानदाराला पन्नास मिली म्हणता येणार नाही. आणि तीन वर्षांनी बंद झालेली ती फाईल सहाव्या वर्षी एकदा उघडा. आमच्या केसरचं सहावं वर्ष आलंय. सतरातल्या अकरांना गेल्या हिवाळ्यात तुरळक मोहोर दिसला. पहिला मोहोर खुडून टाकायचा असतो असं एक काकी म्हणतात, दुसरे काका म्हणतात ठेव. माझ्या वहीत ते पान कोरं आहे.

येत्या जानेवारीत या. आटगावला उतरून कोणत्याही रिक्षावाल्याला कापलेल्या हापूसची बाग विचारा, त्या नावानं ओळखतात आता. सासरे ओट्यावर भेटतील. बाग कोणाची असं विचारलंत तर ‘माझी’ म्हणतील, आणि ते खरंच आहे. भुरीची दुसरी फवारणी कधी झाली असं विचारलंत तर मला हाक मारतील.

आपली,
शहापूर तालुक्यातली एक बागायतदार